जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वी : नागरिक, शाळा व वाचनालये यांना जाहीर आवाहन

सात-आठ वर्षे वापरलेला लॅपटॉप सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे घेऊ लागला, की त्याचे आयुष्य संपले असे बहुतेक घरांत धरले जाते. तो कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातो, नाहीतर किलोच्या भावाने भंगारात. प्रत्यक्षात अशा लॅपटॉपचा प्रोसेसर, पडदा आणि कीबोर्ड बहुधा ठणठणीत असतात. वेग खातात ते दोन भाग : फिरती हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम. पुष्कळ लॅपटॉपमध्ये हे दोन्ही भाग मागच्या झाकणाचे स्क्रू काढून बदलता येतात आणि त्यांना नव्या लॅपटॉपच्या मानाने बराच कमी खर्च येतो. म्हणून नवा लॅपटॉप घेण्यापूर्वी किंवा जुना टाकून देण्यापूर्वी प्रत्येकाने हे दोन भाग तपासून घ्यावेत, असे आवाहन करण्यात येत आहे.

लॅपटॉप मंद का होतो

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचण्यासाठी आतला दांडा योग्य जागी सरकावा लागतो आणि ती जागा त्याच्याखाली फिरून येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेल्या लहान फायली अशी डिस्क सेकंदाला शंभरसुद्धा वाचू शकत नाही. विंडोज सुरू होताना तर अशा हजारो लहान फायली वाचल्या जातात. हार्ड डिस्कच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नाही. माहिती चिपमध्ये साठवलेली असते आणि ती मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास हाती लागते. मोठी फाइल सलग वाचतानाही हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी देते, तर साधी साटा एसएसडी ५०० एमबीपर्यंत.

रॅमचा प्रश्न याच प्रश्नाला जोडलेला आहे. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपमध्ये जवळपास निम्मी रॅम विंडोज स्वतःच व्यापते. ब्राउझरच्या आठ-दहा टॅब उघडल्या, की उरलेली भरते. मग विंडोज रॅममधला काही मजकूर डिस्कवर ठेवते आणि लागेल तसा परत आणते. ती डिस्क जुनी, फिरती असेल तर प्रत्येक क्लिकला लॅपटॉप हँग झाल्यासारखा वाटतो. अपुरी रॅम आणि मंद डिस्क एकमेकींचा त्रास असा वाढवतात.

आधी निदान

भाग विकत घेण्यापूर्वी खरी अडचण कोठे आहे ते पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात डिस्क, मेमरी आणि प्रोसेसर यांचे आलेख दिसतात. काहीही काम चालू नसताना डिस्क १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल, तर एसएसडी बसवल्याने फरक पडेल. मेमरी सतत ८०-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम वाढवावी. त्याच पानावर रॅमचे किती स्लॉट आहेत आणि त्यांतले किती भरलेले आहेत, हेही लिहिलेले असते. डिस्क आणि मेमरी मोकळी असून प्रोसेसरच कायम १०० टक्क्यांवर असेल, तर हे दोन भाग बदलून विशेष उपयोग नाही. तेव्हा पंख्यात साचलेली धूळ, व्हायरस किंवा प्रोसेसरची मुळातली मर्यादा यांकडे पाहावे लागते.

एकाच भागाला पुरतील इतकेच पैसे असतील, तर फिरती डिस्क असलेल्या लॅपटॉपमध्ये आधी एसएसडी बसवावी, कारण वेगातला सर्वांत मोठा फरक तिनेच पडतो. रॅम घरगुती आणि कार्यालयीन कामासाठी ८ जीबी पुरते. फोटो-व्हिडिओचे संपादन किंवा प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी १६ जीबीचा विचार करावा.

योग्य भागाची निवड

रॅमच्या पिढ्या एकमेकींत बसत नाहीत. डीडीआर-३ च्या पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर-४ ला २६०, आणि प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर-३ मध्येही दोन प्रकार आहेत : १.५ व्होल्टची साधी आणि १.३५ व्होल्टची ‘एल’ पट्टी. २०१३ नंतरच्या अनेक लॅपटॉपना ‘एल’ पट्टीच लागते. साधी घातली तर पडद्यावर काहीच येत नाही. जुनी पट्टी काढून तिच्यावरचे लेबल वाचावे, किंवा तीच दुकानात दाखवावी. प्रत्येक मॉडेलला किती रॅम चालते याची कमाल मर्यादा कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वापरलीच जात नाही. त्यासाठी ६४-बिट आवृत्ती टाकावी लागते.

काही लॅपटॉपची रॅम मदरबोर्डवर डाक लावून पक्की केलेली असते. मॅकबुक एअरमध्ये २००८ च्या पहिल्या मॉडेलपासून हीच रचना आहे आणि अलीकडच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्येही ती आढळते. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची साठवणही अशीच पक्की बसवलेली असते. त्यामुळे भाग विकत घेण्यापूर्वी झाकण उघडून पाहणे किंवा मॉडेल क्रमांकावरून खात्री करणे आवश्यक आहे.

एसएसडी मुख्यतः दोन आकारांत मिळते. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी, त्याच जोडणीत बसते. दुसरी एम-डॉट-टू, च्युइंगमच्या पट्टीएवढी. ती बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते. यातही साटा आणि एनव्हीएमई हे दोन प्रकार दिसायला जवळजवळ सारखे असतात, पण एकाच्या स्लॉटमध्ये दुसरा चालेलच असे नाही. फार जुन्या लॅपटॉपमध्ये एनव्हीएमईवरून विंडोज सुरूही होत नाही. जुन्या लॅपटॉपसाठी अडीच इंची साटा एसएसडी हाच बिनधोक पर्याय होय. सीडी ड्राइव्ह असेल तर तिच्या जागी कॅडी म्हणजे डिस्क धरणारी चौकट बसवून जुनी हार्ड डिस्कही आतच ठेवता येते.

खरेदी करताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, बेंगळुरूत एसपी रोड आणि दिल्लीत नेहरू प्लेस येथे हे भाग सहज मिळतात. तालुक्याच्या गावीही दुरुस्तीवाले ते मागवून देतात. जीएसटीचे बिल आणि वॉरंटी घेतल्याशिवाय खरेदी करू नये. नामांकित कंपन्यांच्या एसएसडीला बहुधा तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी असते. अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या एक-दोन टीबीच्या ड्राइव्हमध्ये खरी क्षमता फार कमी असते आणि ती भरली की फायली नासतात. बसवल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ड्राइव्ह किती तास चालली आहे ते पाहावे. नवी म्हणून घेतलेली एसएसडी शेकडो तास चाललेली दिसली, तर ती वापरलेली आहे.

दुरुस्ती व्यावसायिकांनाही विनंती आहे, की त्यांनी काढलेली जुनी डिस्क आणि रॅम ग्राहकाला परत करावी, आणि केवळ रॅम वाढवून भागत असेल तेथे नव्या लॅपटॉपचा आग्रह धरू नये.

भाग बदलण्याची रीत

सर्वप्रथम फोटो, कागदपत्रे आणि हिशेबाच्या फायली यांचा बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यावा. विंडोजमध्ये बिटलॉकर हे डिस्कचे कुलूप चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. ती नसेल तर स्वतःचीच माहिती कायमची बंद होऊ शकते. त्यानंतर दोन मार्ग आहेत. नवी एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालून क्लोनझिलासारख्या मोफत सॉफ्टवेअरने जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढता येते. मात्र त्यासाठी एसएसडीची क्षमता जुन्या डिस्कएवढी किंवा जास्त असावी. नाहीतर विंडोज नव्याने टाकावी. विंडोज १० आणि ११ चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने डिस्क बदलली तरी तो टिकतो. वर्षानुवर्षांचा कचरा साचलेल्या लॅपटॉपसाठी हा दुसरा मार्ग चांगला.

झाकण उघडण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर ती काढावी. आत असेल तर तिची जोडणी सोडवावी. अंगातली स्थिर वीज जाण्यासाठी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावावा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर वरचे प्लास्टिक फुटते किंवा मदरबोर्डला इजा होते. म्हणून कागदावर झाकणाचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवावा. रॅमची पट्टी कडांना धरून, खाच जुळवून, तिरपी आत सरकवावी आणि खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक्’ आवाज आला की ती बसली. सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला, तर घाबरू नये. पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि ती पुन्हा बसवावी. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी ते दुरुस्तीवाल्याकडून समोर बसून करून घ्यावे.

जे यातून सुटत नाही

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्याआधीचा लॅपटॉप एसएसडीने कितीही चपळ झाला, तरी ही अट पूर्ण होत नाही. अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकावी. तिच्यात इंटरनेट, ईमेल, लिब्रेऑफिस आणि युनिकोड मराठीचे टंकलेखन उत्तम चालते. श्री-लिपी किंवा टॅलीसारख्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर ज्यांचा धंदा आहे, त्यांनी मात्र लिनक्सकडे वळण्यापूर्वी पूर्ण चाचणी घ्यावी. बॅटरी फुगलेली असेल तर तो लॅपटॉप चार्ज करू नये आणि आधी ती जाणकाराकडून काढून घ्यावी.

जुने भाग आणि जुने लॅपटॉप

काढलेली हार्ड डिस्क केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी वापरता येते. मात्र तिचे वय झालेले असल्याने महत्त्वाच्या माहितीची एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नये. डिस्क किंवा लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर फायली नुसत्या डिलीट करणे पुरत नाही, कारण त्या परत मिळवता येतात. संपूर्ण डिस्क पुसणारे सॉफ्टवेअर वापरावे.

लॅपटॉपच्या एकूण आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो तयार होतानाच झालेला असतो. त्यामुळे तो आणखी तीन-चार वर्षे चालला, तर घराचा पैसा आणि पर्यावरण दोन्ही वाचतात. जे खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेले आहे, ते भंगारवाल्याला देऊ नये. तेथे तारा जाळून आणि पट्ट्या आम्लात बुडवून धातू काढले जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे. असा कचरा कंपनीच्या संकलन केंद्रात किंवा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या केंद्रातच द्यावा.

गृहनिर्माण संस्था, गणेश मंडळे आणि माजी विद्यार्थी संघ यांनी आपल्या परिसरातील वापराविना पडलेल्या लॅपटॉपची यादी करावी, एखादा जाणकार बोलावून ते तपासून घ्यावेत आणि सुधारता येतील त्यांच्या एसएसडी व रॅमचा खर्च वर्गणीतून उचलावा. शाळांनी आणि वाचनालयांनी आपल्याकडचे बंद संगणकही याच रीतीने पाहावेत. डेस्कटॉपला हीच पद्धत लागू पडते आणि त्याचे भाग बदलणे आणखी सोपे असते. गरजू विद्यार्थ्याला लॅपटॉप देताना तो माहिती पुसून, प्रणाली नव्याने टाकून, चालू चार्जरसह द्यावा आणि बिघाड झाल्यास कोणाकडे जायचे तेही त्याला लिहून द्यावे.