गुणसूत्रे तीच, भवितव्य निराळे

समुद्री कासवांच्या प्रजाती कोट्यवधी वर्षांपूर्वी एकमेकींपासून वेगळ्या झाल्या. पण त्यांची गुणसूत्रे जवळजवळ जशीच्या तशी राहिली. हे स्थैर्य त्यांचे बळ आहे की दुबळेपण, हा प्रश्न आता प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. ग्रेट निकोबारपासून कोकणापर्यंतच्या किनाऱ्यांचे धोरण त्याच्याशी जोडलेले आहे.

दोन प्राणी एकमेकांपासून किती दूर गेले, हे पाहण्याची एक जुनी रीत म्हणजे त्यांची गुणसूत्रे शेजारी मांडणे. सह्याद्रीच्या रानात आढळणाऱ्या भेकराच्या मादीत अवघी ६ गुणसूत्रे असतात, नरात ७. मात्र त्याच कुळातील चिनी भेकरात ती ४६ असतात. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. त्यांच्या संकरातून जन्मणाऱ्या खेचराच्या वाट्याला ६३ येतात आणि ते सहसा वांझ राहते. दिसायला जवळचे असलेले प्राणीही गुणसूत्रांच्या मांडणीत असे दुरावलेले असतात.

समुद्री कासवांची गोष्ट नेमकी उलट आहे. जगात त्यांच्या ७ प्रजाती असून त्यांपैकी ५ भारतीय सागरात आढळतात. पाठीवर कठीण कवचाऐवजी चामड्यासारखे आवरण असलेले अजस्र लेदरबॅक समुद्रात हजार मीटरहून खोल बुडी मारते आणि प्रामुख्याने जेलिफिशवर जगते. हिरवे कासव मोठे झाल्यावर किनाऱ्यालगतच्या सागरी गवतावर चरते. आकार, आहार, विहाराचा प्रदेश असे सारेच भिन्न. असे असूनही आजवर तपासल्या गेलेल्या समुद्री कासवांत गुणसूत्रांची संख्या एकच आढळली आहे: ५६, म्हणजे २८ जोड्या. ओडिशातील संशोधकांनी १९८०च्या दशकात ऑलिव्ह रिडलेची गुणसूत्रे मोजली, तेव्हाही हाच आकडा हाती आला.

संख्या सारखी असली, तरी आतील मजकूर सारखा असेलच असे नाही. त्याचे उत्तर २०२३ मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दिले. लेदरबॅक आणि हिरवे कासव यांच्या जनुकसंचाचे वाचन या संशोधकांनी गुणसूत्रागणिक केले. या दोघांचे पूर्वज सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, म्हणजे डायनोसॉर लयाला गेल्यानंतरचा तो आरंभीचा काळ. एवढ्या प्रदीर्घ विरहानंतरही दोघांच्या गुणसूत्रांवरील जनुकांचा क्रम बहुतांशी एकसारखा निघाला.

जेथे फरक आढळला, तो मुख्यतः लहान गुणसूत्रांवर. आकाराने चिमुकल्या, पण जनुकांनी गजबजलेल्या या सूक्ष्मगुणसूत्रांवर गंध ओळखणारी आणि रोगांशी झुंजणारी जनुके एकवटलेली आहेत. या दोन्ही प्रकारच्या जनुकांची संख्या हिरव्या कासवात अधिक, लेदरबॅकमध्ये कमी. किनाऱ्याजवळच्या गुंतागुंतीच्या परिसरात वावरणाऱ्या प्राण्याला गंधांचे आणि रोगजंतूंचे वैविध्य अधिक भेटते, खुल्या महासागरात फिरणाऱ्याला कमी, अशी त्याची संगती लावली जाते. जीवनपद्धतीतील तफावत गुणसूत्रांच्या अशा मोजक्या कोपऱ्यांतच उमटली आहे.

याहून गंभीर निष्कर्ष जनुकीय वैविध्याविषयीचा आहे. लेदरबॅकमधील वैविध्य अतिशय कमी आहे, आणि त्याला केवळ अलीकडची शिकार जबाबदार नाही. या प्रजातीची संख्या दीर्घकाळ मर्यादितच राहिली असावी, असे तिच्या जनुकसंचावरून दिसते. शिवाय हानिकारक ठरू शकतील असे बदल तिच्यात हिरव्या कासवाच्या तुलनेत प्रमाणाने अधिक आहेत. नवा रोग किंवा नवे हवामान समोर आले, तर त्यातून मार्ग काढण्यासाठी लागणारे भांडवलच तुटपुंजे आहे.

गुणसूत्रांच्या साम्याचा आणखी एक परिणाम ब्राझीलमध्ये पाहायला मिळतो. बाहिया प्रांताच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या, हॉक्सबिलसारख्या दिसणाऱ्या माद्यांपैकी सुमारे ४० टक्के माद्या प्रत्यक्षात हॉक्सबिल आणि लॉगरहेड यांच्या संकरातून जन्मलेल्या असल्याचे २००६ मधील अभ्यासात दिसून आले. या प्रजाती कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या; तरीही त्यांची संतती खेचराप्रमाणे वांझ न ठरता स्वतः अंडी घालते. संख्या रोडावल्याने स्वजातीचा जोडीदार मिळेनासा झाला की असे संकर वाढतात, असे मानले जाते. प्रजातींमधील कुंपण गुणसूत्रांनी फारसे राखलेले नाही. ते मुख्यतः त्यांच्या सवयींनी आणि विपुल संख्येने राखले होते.

लिंगनिश्चितीची कथाही अशीच. मनुष्यात मुलगा की मुलगी हे गुणसूत्रे ठरवतात. समुद्री कासवांत स्वतंत्र लिंगगुणसूत्रे नाहीत. हा निर्णय वाळूचे तापमान करते. सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उष्ण उत्तर भागातील किनाऱ्यांवर जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या अल्पवयीन पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. डायनोसॉरांच्या काळापासून निभावून नेलेली ही व्यवस्था काही दशकांच्या तापमानवाढीने डळमळू लागली आहे.

या पार्श्वभूमीवर भारतातील घडामोडींकडे पाहिले पाहिजे. ग्रेट निकोबारमधील गॅलाथिया उपसागराचा किनारा हा उत्तर हिंदी महासागरातील लेदरबॅकचे एक प्रमुख प्रसूतिगृह. २००४ च्या त्सुनामीने तो उद्ध्वस्त केला. निसर्गाने वाळू पुन्हा साचवली आणि माद्या परतल्या. तेथील अभयारण्याचा दर्जा मात्र २०२१ मध्ये काढून घेण्यात आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मालवाहू बंदर, विमानतळ व नगरवसाहतीच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. २०२२ मध्येच लिटल निकोबार बेटावर लेदरबॅकसाठी अभयारण्य जाहीर झाले. प्रकल्पाच्या सामरिक व व्यापारी महत्त्वाचा युक्तिवाद पोकळ नाही. पण एक किनारा घेऊन दुसरा दिला की हिशेब पुरा होतो, हे गृहीतक तपासायला हवे. मादी सहसा आपल्या जन्मप्रदेशाकडेच अंडी घालायला परतते. सरकारी अधिसूचनेने तिचा पत्ता बदलत नाही. आधीच वैविध्याची वानवा असलेल्या प्रजातीतून एक वसतिस्थान वजा झाले, तर त्यासोबत जाणारे जनुकीय वाण पुन्हा मिळवता येणार नाही.

महाराष्ट्रालाही यातून घेण्याजोगे आहे. २००२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने सुरू केलेले ऑलिव्ह रिडले संवर्धन आज कोकणात रुजले आहे. भारतीय किनाऱ्यावरील रिडले ही जगभरच्या रिडलेंची मूळ शाखा असावी, असे २००४ मधील भारतीय संशोधनाने सुचवले होते. ओडिशात २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली आणि पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचे नाते समजले होते त्याहून जवळचे असू शकते, हे समोर आले. तेव्हा कोकणातील मोजकी घरटी ओडिशातील लाखोंच्या तुलनेत नगण्य मानून चालणार नाही. किती पिल्ले समुद्रात सोडली, या आकड्याइतकेच ती कोणत्या तापमानात वाढली आणि त्यांत नर किती असतील, याचे मोजमाप आवश्यक आहे. कुंपणातल्या घरट्यांवर सावली धरणे हा त्यावरील साधा आणि स्वस्त उपाय आहे.

६ कोटी वर्षांत ज्यांच्या गुणसूत्रांची मांडणी फारशी हलली नाही, ते जीव पंचवार्षिक योजनेच्या वेगाने बदलतील, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय. बदलण्याची मुभा आणि जबाबदारी या व्यवहारात एकाच पक्षाकडे आहे, आणि तो पक्ष कासवांचा नव्हे.