नळ एक, मालक किती?

जुलैत गाढी नदी दुथडी भरून वाहते आणि मे महिन्यात त्याच पनवेलमध्ये सोसायटीच्या गेटवर टँकर उभा असतो. पाऊस कमी पडतो का? अजिबात नाही. मग अडतं कुठे?

१ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली. १८५२ची जुनी नगरपालिका, सिडकोच्या वसाहती आणि २९ गावं एकत्र आली. पाणी मात्र वेगवेगळंच राहिलं. जुन्या शहराचं हक्काचं धरण म्हणजे गाढीवरचं देहरंग. ते लहान, त्यात गाळ साचलेला. उन्हाळ्यात ते तळ गाठतं आणि पालिकेला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, एमआयडीसी यांच्याकडे हात पसरावा लागतो. खारघर, कामोठ्याला पाणी देत आलीय सिडको. शेजारच्या नवी मुंबईकडे मात्र स्वतःचं मोरबे धरण आहे.

७४व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा हा शहरी स्वराज्य संस्थांचा विषय मानला. कारण साधं आहे: नगरसेवकाला पाच वर्षांनी मत मागायला दारात यावंच लागतं. सिडको किंवा प्राधिकरणाच्या अधिकाऱ्याला तुम्ही मत देत नाही.

मालक एक झाला म्हणून पाणी वाढणार नाही, हे खरंच. पण जाब कुणाला विचारायचा, हे तरी ठरेल. आज घरी गेलात की पाण्याचं बिल आणि मालमत्ता कराचं बिल शेजारी ठेवून बघा. वर दोन वेगळी नावं दिसली, तर पुढचा प्रश्न तुमच्या नगरसेवकाला विचारा.