सनद दिली, हिशेब कोण घेणार?

शाळेने सरकारदरबारी दाखविलेले पूर्णवेळ विद्यार्थी १५,३२२. तपासणीत प्रत्यक्ष शिकत असल्याचा पुरावा मिळाला तो सुमारे ६,३०० विद्यार्थ्यांचा. हे आकडे वाचून वाचकांच्या डोळ्यांसमोर आपल्याकडचा एखादा जिल्हा, एखादे 'शिक्षणसम्राट' आणि पावसाळ्यात गळणारी एखादी शाळा उभी राहिली, तर त्यात त्यांचा दोष नाही. परंतु ही कथा अमेरिकेतील ओहायो राज्याची आहे. त्या राज्याची राजधानी कोलंबस येथून चालणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो' या ऑनलाइन शाळेची ही २०१५-१६ या वर्षाची पटसंख्या होय. 'ईकॉट' या नावाने ती ओळखली जाई.

अमेरिकेत 'चार्टर स्कूल' नावाची एक व्यवस्था आहे. चार्टर म्हणजे सनद. पैसा सरकारचा, शुल्क नाही, प्रवेश सर्वांना खुला. मात्र शाळा चालविणार स्वतंत्र मंडळ. वेळापत्रक, अध्यापनपद्धती, नेमणुका या बाबतींत त्यांना मोकळीक. त्या मोकळिकीच्या बदल्यात ठरलेल्या मुदतीत मुलांची प्रगती दाखवायची आणि ती दाखविता आली नाही तर सनद परत करायची. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने असा पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल येथे पहिली सनदी शाळा उघडली. विशेष म्हणजे, १९८८ मध्ये या कल्पनेचा जाहीर पुरस्कार करणारे अल्बर्ट शँकर हे शिक्षक संघटनेचे अध्यक्ष होते. नोकरशाहीच्या जाचातून चांगल्या शिक्षकांची सुटका व्हावी, हा त्यांचा हेतू. पुढे या गाडीत कोण कोण चढले, ते पाहून त्यांचे मत पालटले, ही गोष्ट निराळी.

सनद हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. आपल्या जुन्या सनदांत हक्क लिहिलेला असे, तशी चाकरीही लिहिलेली असे. ओहायोने १९९७ मध्ये सनदी शाळांचा कायदा केला तेव्हा हक्क ठळक अक्षरांत लिहिला आणि चाकरी पुसट शाईने. परिणाम व्हायचा तो झाला. कोणत्या शाळेला सनद द्यायची आणि तिच्यावर लक्ष कोणी ठेवायचे, हे काम राज्याने 'प्रायोजक' म्हटल्या जाणाऱ्या संस्थांकडे सोपविले. या प्रायोजकाला शाळेच्या सरकारी निधीतून तीन टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येई. शाळा चालू राहिली तर शुल्क चालू; बंद केली तर शुल्क बंद. आता असा प्रायोजक आपल्याच उत्पन्नावर पाणी सोडून शाळेला कुलूप लावील, अशी अपेक्षा ज्यांनी केली, त्यांच्या भाबडेपणाचे कौतुक करावे की त्यांच्या हेतूंविषयी शंका घ्यावी, हा प्रश्नच आहे.

शाळा चालविणाऱ्या कंपन्यांची गोष्ट याहून सुरस. 'व्हाइट हॅट' नावाच्या कंपनीशी काही शाळा-मंडळांचे बिनसले. मंडळांनी करार संपविला आणि बाके, संगणक परत मागितले. करदात्यांच्या पैशातून घेतलेल्या वस्तू शाळेच्या, असा त्यांचा साधा समज. कंपनीने कराराचा कागद पुढे केला. सप्टेंबर २०१५ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, करारात तसे लिहिले आहे, सबब वस्तू कंपनीच्या. हव्या असतील तर मंडळांनी विकत घ्याव्यात. न्यायालयाला दोष देता येत नाही. कायद्यात जे नाही, ते न्यायालयाने कोठून आणावे?

ओहायोने काहीच केले नाही, असे मात्र नव्हे. २००६ मध्ये विधिमंडळाने सतत नापास होणाऱ्या सनदी शाळा आपोआप बंद करणारी तरतूद केली. तिच्यामुळे काही शाळा बंद झाल्याही. परंतु त्यांतील काही नवे नाव घेऊन, त्याच इमारतीत, बहुतेक त्याच माणसांसह पुन्हा उघडल्या. एका प्रायोजकाने नाकारलेली शाळा दुसऱ्याच्या दारात जाऊन उभी राहू लागली. कायदा शाळेच्या पाटीला लागू होता, पाटीमागच्या माणसाला नव्हता. शिवाय २०१५ च्या जुलैमध्ये उघड झाले की, प्रायोजकांचे मूल्यमापन करताना ऑनलाइन शाळांचे नापास निकाल शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यानेच वगळले होते. त्याला राजीनामा द्यावा लागला. परीक्षकानेच गुणपत्रिका खोडायची म्हटल्यावर विद्यार्थ्याला काय बोलावे?

यानंतर १ नोव्हेंबर २०१५ रोजी राज्यपाल जॉन केसिक यांनी 'हाऊस बिल २' या सुधारणा कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याचे मर्म असे की, त्याने शाळेआधी प्रायोजकाला धरले. त्याच्या शाळांतील मुलांची प्रगती, नियमांचे पालन आणि देखरेखीची पद्धत या तिन्हींवर त्याचे मूल्यमापन होणार. शेरा वाईट आला तर सनद देण्याचा अधिकारच जाणार. नापास शाळेला सहजासहजी प्रायोजक बदलता येणार नाही. शाळेचा खजिनदार कंपनीच्या ताटाखालचे मांजर नसेल. इतकी साधी गोष्ट लिहून काढायला कायदा झाल्यापासून अठरा वर्षे लागली! हेच केसिक २०११ मध्ये ईकॉटच्या पदवीदान सोहळ्यात भाषण करून आले होते, आणि त्या शाळेचे संस्थापक सत्ताधारी पक्षाचे मोठे देणगीदार होते, हे लक्षात घेतले म्हणजे विलंबाचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही.

ईकॉटचा हिशेब लागला तो याच सुमारास. खात्याने शाळेला एकच प्रश्न विचारला: वर्षाला ९२० तासांच्या शिक्षणाचे पैसे घेता, तर मुले संगणकावर किती तास होती, ते दाखवा. शाळेचे उत्तर नमुनेदार होते. तिचे म्हणणे असे की, कायद्याने आम्ही ९२० तासांचे शिक्षण 'उपलब्ध' करून द्यायचे आहे. ते मुलाने घेतले की नाही, हे पाहणे आमचे काम नाही. खानावळीने महिन्याचे पैसे घ्यावेत आणि जेवण वाढले की नाही, असे विचारल्यावर चूल पेटवली होती, असे सांगावे, त्यातलाच हा प्रकार. एका वर्षाचे सुमारे सहा कोटी डॉलर परत करण्याचा आदेश निघाला. शाळेची वर्गवारी बदलून सौम्य निकष पदरात पाडून घेण्याचा खटाटोपही झाला. शेवटी ऑगस्ट २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खात्याची बाजू उचलून धरली.

परंतु तोवर शाळा उरली नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर, प्रायोजकाने हात काढून घेतला आणि सुमारे बारा हजार मुले एका आठवड्यात शाळेवाचून उभी राहिली. २००० साली सुरू झालेल्या या शाळेने तोवर सुमारे एक अब्ज डॉलर सरकारी पैसा घेतला होता, आणि त्यातला मोठा हिस्सा संस्थापकांच्याच कंपन्यांकडे गेला होता.

येथे प्रस्तुत लेखकाला सुधारणावाद्यांशीही थोडे भांडायचे आहे. नापास शाळा बंद करा, असे म्हणणे सोपे असते. गरीब वस्तीतील, दोन-दोन इयत्ता मागे असलेली मुले जी शाळा घेते, तिचे केवळ अंतिम गुण पाहून तिला नापास ठरविणे हा अन्याय आहे. मूल कोठून निघाले आणि वर्षभरात कोठवर आले, हे मोजले पाहिजे. तसेच सगळ्या सनदी शाळा वाईट, हेही खरे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील 'क्रेडो' या संशोधन केंद्राच्या २०२३ च्या अहवालात सनदी शाळांतील मुले वाचनात आणि गणितात सर्वसाधारण सरकारी शाळांतील मुलांपेक्षा किंचित पुढे दिसली. ऑनलाइन शाळांचे चित्र मात्र २०१५ पासूनच्या त्यांच्या अभ्यासांत निराशाजनक आहे. म्हणजे भेद शाळेच्या प्रकारापेक्षा देखरेखीत आहे. आणि शाळा बंद करायचीच असेल, तर ती वर्षअखेरीस, पर्यायी शाळेत मुलांची सोय लावून आणि कागदपत्रे पालकांच्या हाती देऊन बंद करावी, हे कायद्यात आधीच लिहिलेले हवे.

आता थोडे घरचे. वार्ताहर म्हणून उमेदवारी करीत असताना एका तालुक्याच्या गावी मी तपासणीच्या दिवशी शेजारच्या गावातून ट्रॅक्टरने आणलेली मुले पाहिली आहेत. त्यांतल्या एकाला नाव विचारले, तेव्हा त्याने मास्तरांकडे पाहून 'आज कोणतं सांगायचं?' असे विचारले. ती बातमी छापून आली नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये, ३ ते ५ या तीन दिवसांत, महाराष्ट्र शासनाने बोटाला शाई लावून राज्यभर पटपडताळणी केली, तेव्हा मला त्या मुलाची आठवण झाली. त्या पडताळणीत कागदावरची मुले लाखोंनी गळाली. कारवाईचा प्रश्न मात्र पुढे न्यायालयात गेला.

आपल्याकडे २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना वाट दिली, आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कंपन्यांनाही शाळा काढण्याची मुभा दिली. या शाळांना सरकारी अनुदान नाही, त्यामुळे ओहायोशी तुलना तेथवरच. तथापि परवानगीच्या अटी वाचल्या तर जागा, इमारत, ठेव यांचा विचार सविस्तर दिसतो. मुले शिकली नाहीत तर काय, याचा विचार तितका दिसत नाही. खासगी भागीदारीतून शाळा चालविण्याच्या योजना अधूनमधून मांडल्या जातात. अशी पुढची योजना विधिमंडळात येईल, तेव्हा आपल्या आमदारांना तीन गोष्टी विचाराव्यात: देखरेख करणाऱ्याचे उत्पन्न कोठून येते, शाळा बुडाली तर बाके कोणाची, आणि मधल्या वर्षात मुले कोठे जातील.