नवी अवजारे आणि जुनी सावड

संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढे एक महत्त्वाचा प्रश्न यावयाचा आहे. सभासदांस ट्रॅक्टर, पेरणीयंत्रे आदी घेण्यासाठी स्वतंत्र कर्जे द्यावीत, की संघानेच ती यंत्रे घेऊन अवजारे बँक काढावी व भाड्याने द्यावीत? पारावर व बांधावर याची चर्चा आताच सुरू झाली आहे. आमचे शिक्षण मराठी शाळेपुरते. यंत्रशास्त्रात आमची गती नाही. परंतु महसूल कचेरीत कारकुनी करून आम्ही नुकतेच निवृत्त झालो. इतकी वर्षे शेतकऱ्यांच्या कर्जाचे कागद हाताळल्यामुळे या प्रश्नाची एक बाजू आम्हांस इतरांहून जवळून दिसली आहे. ती वाचकांपुढे मांडणे आमचे कर्तव्य होय.

प्रथम हे स्पष्ट करतो की, आम्ही यंत्रांचे विरोधक नव्हेत. मजूर वेळेवर मिळत नाही, बैलजोडी वर्षभर पोसणे परवडत नाही, आणि वाफसा तर कोणासाठी थांबत नाही. रुंद वरंबा सरी पाडणाऱ्या यंत्राने सोयाबीन पेरले म्हणजे पावसाच्या ओढीत सरीतील ओल उपयोगी पडते व अतिवृष्टीत जादा पाणी निघून जाते, हे आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या शेतात पाहिले आहे. तेव्हा वाद यंत्र हवे की नको हा नाही. ते कोणी घ्यावे, कसे पारखावे आणि घेतल्यावर कसे नांदवावे, हा आहे.

या बाबतीत लोखंडी नांगराचा इतिहास आठवण्याजोगा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1903 साली बेळगाव येथे आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी समजूत होती. त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. पुढे 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर दूरदूरच्या शिवारांत गेला. हा दाखला देऊन शेतकऱ्यास अडाणी ठरविण्याची अनेकांस हौस असते. आम्हांस तसे वाटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्याच्या धान्यावर तो नीट करून देई. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर रोख पैसे मोजून नवा आणणे आले. नांगर जड असल्याने बैलही अधिक लागत. ज्याच्या दावणीस एकच जोडी, त्याने शेजाऱ्याशी सावड केल्यावाचून तो नांगर चालत नसे. म्हणजे नव्या अवजाराबरोबर नवा खर्च व नवी व्यवस्था ही दोन्ही घरात येतात. ज्यांनी ती व्यवस्था केली, त्यांच्या रानातील हरळी व कुंदा निघाले.

ही व्यवस्था न केल्याचे फळ आम्ही स्वतः भोगले आहे. आपल्या दोन एकर उसास आम्ही ठिबक बसविले. पहिली दोन वर्षे पाणी वाचले, ऊसही बरा आला. परंतु विहिरीचे पाणी क्षारयुक्त. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुणे, नळ्यांची टोके उघडून गाळ काढणे, वेळच्या वेळी आम्लप्रक्रिया करणे, ही कामे आम्ही आज करू, उद्या करू म्हणून लांबविली. तिसऱ्या उन्हाळ्यात निम्म्या तोट्या क्षार साचून बंद पडल्या व उसाच्या ओळी जागोजाग वाळल्या. लोकांपुढे आम्ही ठिबकास दोष दिला. खरा दोष आमच्या आळसाचा होता. वस्तू घेताना किंमत विचारली, तिची निगा कोण राखणार हे मात्र घरात ठरविलेच नाही.

आता मुख्य हिशेबाकडे वळू. कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात दर खातेदारामागे सरासरी जमीन 1970-71 साली 4.28 हेक्टर होती. 2015-16 साली ती 1.34 हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. शेत लहान होत चालले आणि यंत्र मोठे होत चालले, ही आजची खरी अडचण आहे. उदाहरणादाखल आठ लाखांचे यंत्र धरू व त्याचे आयुष्य दहा वर्षे मानू. झीज सालीना 80,000 रुपये. दरसाल दर शेकडा दहाप्रमाणे पहिल्या वर्षीचे व्याज 80,000. विमा व दुरुस्ती 20,000. एकूण 1,80,000 रुपये. डिझेल व चालक वेगळे. हे यंत्र घरच्या शेतात वर्षाकाठी वीस दिवस चालले तर दर दिवसास 9,000 रुपये बसतात. तेच अनेकांच्या शेतांत मिळून 120 दिवस चालले तर 1,500 रुपये पडतात. यंत्र एकच, किंमतही एकच. फरक चालणाऱ्या दिवसांचा. बाहेरची भाडी मिळवू, असे प्रत्येक जण म्हणतो. पण घरोघर ट्रॅक्टर झाल्यावर भाडे द्यावयास उरणार कोण?

आणि हप्ता थकला म्हणजे काय होते, ते आमच्या डोळ्यांपुढून गेले आहे. कर्जाचा बोजा सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात चढतो. सहकारी संस्थेची बाकी राहिली तर 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघतो व ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. असे कागद आम्ही टेबलावरून पुढे पाठविले आहेत. त्यांतील माणसे उधळी नव्हती. शेजाऱ्याने यंत्र घेतले म्हणून आपणही घेतले, अनुदान मिळते म्हणून घेतले, इतकाच त्यांचा अपराध. बोजा चढविण्यास एक ओळ पुरते. तो उतरविण्यास कधी कधी एक पिढी लागते.

यावर कोणी म्हणतील, सामाईक यंत्र म्हणजे कोणाचेच नव्हे. पेरणीच्या आठ दिवसांत ते सर्वांस एकदम हवे असते. मिळावयाचे मात्र पंचांच्या शेतास प्रथम. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण आपल्या पूर्वजांनी याहून कठीण कामे सामाईकपणे चालविली आहेत. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम आदी नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटकरी व जागल्या नेमून ठरल्या पाळीने वाटले जाई. पाणी तर यंत्राहूनही भांडणाचे मूळ. पाळी माणसाच्या मानावर न ठरता शेताच्या जागेवर ठरे, यातच ती पद्धत टिकण्याचे मर्म होते.

यास्तव आमची सूचना अशी. शिवाराचे भाग पाडून यंत्राची पाळी भागवार लावावी. पहिला भाग कोणता, हे दरसाल सभेत चिठ्ठ्या टाकून ठरवावे, आणि त्यात अध्यक्षांसही सूट नसावी. एवढ्या शिवारास आठ दिवसांत एक पेरणीयंत्र पुरत नसेल तर दोन घ्यावीत. एका होतकरू तरुणास चालविण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण देऊन पगारावर नेमावे. झिजणारे सुटे भाग मृगापूर्वीच आणून ठेवावेत. भाड्यातून झिजेची रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी, म्हणजे दहा वर्षांनी पुन्हा हात पसरावा लागणार नाही. यंत्राची वही ठेवून तीत तारीख, शेत, तास, डिझेल व बिघाड लिहावेत. आणि ती वही दरमहा सर्वांसमक्ष वाचावी. न वाचलेली वही नसल्यासारखीच.

नव्या वस्तूची पारखही संघानेच करावी. अर्धा एकर नव्या रीतीने व लगतचा अर्धा एकर जुन्या रीतीने, बियाणे व खत एकच ठेवून करावा आणि दोन्हींचे उत्पन्न सर्वांदेखत मापावे. फवारणीच्या ड्रोनचे सांप्रत मोठे कौतुक आहे. महिला बचत गटांस त्यासाठी किमतीच्या 80 टक्के, कमाल आठ लाख रुपये साहाय्य देण्याची योजना केंद्र सरकारने 2023 साली मंजूर केली. गावातील एखादा गट तो चालवीत असेल, तर संघाने त्यास काम द्यावे व अनुभव पाहावा. लागलीच दुसरा विकत घेऊ नये. एखादी वस्तू पारखीत उणी ठरली तर ते या मासिकात छापण्यास लाजू नये. एका गावाचे अपयश दहा गावांचे पैसे वाचविते.

शेतकरी बंधूंनो, आपल्या आजोबांनी एकमेकांच्या बैलांवर शेती केली व तिला सावड हे सुंदर नाव दिले. बैल गेले म्हणून सावड जाण्याचे कारण नाही. सभेस येताना प्रत्येकाने आपले यंत्र वर्षात खरोखर किती दिवस चालेल, एवढा एकच आकडा कागदावर मांडून आणावा. मत कोणास द्यावयाचे, ते तो आकडाच सांगेल.