तान्ह्या बाळाचा वाटा

मूल मोजू नये, त्याचे वजन चारचौघांत सांगू नये, दृष्ट लागते, असे म्हणणारी आजी अजूनही पुष्कळ घरांत आहे. तिच्या बोलण्यात भीती आहे तशी मायाही आहे. म्हणून तिला हसून गप्प करणे बरे नव्हे. परंतु एखादे दिवशी आशाताईंबरोबर कोणी दारी आले आणि म्हणाले, “बाळाची वाढ कशी होते याचा आम्ही अभ्यास करीत आहोत, तुमच्या बाळाला त्यात घेऊ काय?” तर आईबापांनी काय उत्तर द्यावे? आजीची माया आणि अभ्यासकांची जिज्ञासा या दोहोंचा मान राहील असे उत्तर शोधण्याचा आज आमचा विचार आहे.

जोयडा तालुक्यातील नंदिगड्ड्यासारख्या रानाच्या कुशीतील गावाला हा प्रश्न दूरचा वाटेल. तथापि शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांनी त्याचे उत्तर आपल्या कृतीने दिलेले आहे. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय एका मोठ्या अभ्यासात सामील झाले होते. पाकिस्तान व आफ्रिकेतील झांबिया या देशांतील खेडीही त्यात होती. जन्मतः ज्यांना श्वास घेता आला नाही आणि तोंडावर मुखवटा धरून पिशवीने हवा देऊन ज्यांना जगवावे लागले, अशी बाळे त्यात होती, आणि सुखरूप जन्मलेलीही होती. अशा संकटातून वाचलेल्या बाळाची बुद्धी पुढे मागे पडेल की काय, ही धास्ती ज्या घराने अनुभवली आहे त्यालाच तिचे ओझे ठाऊक. आईबापांनी रोज थोडा वेळ रीतसर खेळविले तर अशा बाळाला लाभ होतो काय, हे या अभ्यासात पाहावयाचे होते.

त्याची रीत साधी होती. शिकविलेली एक कार्यकर्ती दर पंधरा दिवसांनी घरी येई, बाळाच्या वयाला साजेसा खेळ करून दाखवी आणि आईकडून करवून घेई. पुढे आईने तो खेळ रोज पंधरा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस खेळावयाचा. हा क्रम बाळ तीन वर्षांचे होईपर्यंत चाले. मधून मधून बाळाची पारख होई. अशा पारखीत ठोकळे, खुळखुळा, चित्रे अशी खेळणी असतात. ती शाळेतील परीक्षा नव्हे. तीत कोणी नापास होत नाही.

आता खरी अडचण येते ती येथे. सर्व घरांना हे खेळ शिकविले नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काही घरांत खेळ शिकविले. उरलेल्या घरांतही कार्यकर्ती तितक्याच वेळा गेली, परंतु तिने केवळ आरोग्याची माहिती दिली. “मग माझ्याच बाळाला कमी का?” असे एखादी आई विचारील, आणि तिचे विचारणे रास्त आहे. पण शेतकरी कुटुंबाला याचे उत्तर समजण्यास कठीण जाऊ नये. नवे भाताचे बी चांगले की वाईट हे कळावे म्हणून आपण एका वाफ्यात ते पेरतो आणि शेजारच्या वाफ्यात जुने. शेजारचा वाफा नसेल, तर पीक बियाण्याने आले की पावसाने, हे कोण सांगणार? त्या वेळी खेळाचा लाभ होतो की नाही हे सिद्ध झालेले नव्हते. म्हणूनच विचारावे लागत होते. आमच्या मते दुसऱ्या गटातील मातांनी दिलेली देणगी तसूभरही कमी नव्हती.

या अभ्यासाचा निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाला. संकटातून वाचलेल्या बाळांत एका वर्षाच्या वयाला दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दोन वर्षांनाही दिसला नाही. तीन वर्षे पुरी झाल्यावर मात्र, जेथे सर्वसाधारण अंक 100 मानतात अशा बुद्धीच्या मापात, खेळ शिकलेल्या घरांतील मुलांची सरासरी 102.6 आली आणि इतरांची 98.0. हालचालींच्या मापातही तीच मुले पुढे होती. घराघरांनी दुसऱ्या वर्षी कंटाळून दार लावले असते, तर हा लाभ कोणाच्याही दृष्टीस पडला नसता!

मोजलेल्या बाळांचे ऋण आपण नकळत आजही घेत आहोत. अंगणवाडीत बाळाच्या वजनाची जी रेषा काढतात, तिच्यामागे जागतिक आरोग्य संघटनेचा 1997 ते 2003 या काळातील अभ्यास आहे. सहा देशांतील सुमारे 8,500 मुले त्यात होती. त्यांत दिल्लीचीही होती. त्याच अभ्यासातून असे कळले की सुदृढ बाळ आठव्या महिन्यानंतर केव्हाही, अगदी साडेसतरा महिन्यांपर्यंत, स्वतंत्रपणे चालू लागते, आणि काही बाळे हातगुडघ्यांवर न रांगताच उभी राहतात. शेजारणीचे मूल आधी चालले म्हणून झोप उडालेल्या किती मातांना हे ऐकून धीर येईल!

तरीपण होकार डोळे मिटून देऊ नये. बाळ स्वतः बोलू शकत नाही. त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आईबापांचा, आणि जबाबदारीही त्यांचीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2017 साली मुलांवरील संशोधनाचे नियम प्रसिद्ध केले आहेत. तेव्हा विचारावे: या अभ्यासाला नीतिसमितीची मान्यता आहे काय? बाळाला केवळ खेळवून पाहणार, की रक्त काढणार, औषध देणार? इजा झाल्यास उपचार कोण करील? बाळाचे नाव गुप्त राहील काय? जाण्यायेण्याचा खर्च मिळेल काय? माहितीपत्रक आपणांस कळेल अशा भाषेत मागावे, मग ती मराठी असो, कोकणी असो की कन्नड. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ते वाचून घ्यावे. बाळ भुकेले वा रडवेले असेल तर त्या दिवशी पारख पुढे ढकलण्यास सांगावे. नकार दिल्याने किंवा मध्येच बाहेर पडल्याने बाळाचे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत. आणि सरपंचांनी, डॉक्टरांनी अथवा धर्मगुरूंनी सांगितले एवढ्याच कारणास्तव अंगठा उठवू नये.

आजीलाही या बोलण्यात बसवावे. पुष्कळदा तिचे प्रश्न सर्वांत नेमके असतात. सर्व ऐकून मन धजत नसेल, तर नाही म्हणावे. त्यात कमीपणा नाही. मन धजले, तर हो म्हणावे आणि होता होईल तो शेवटपर्यंत जावे. बेळगावकडील त्या मातांची मुले आता मोठी झाली आहेत. त्यांनी तीन वर्षे दार उघडे ठेविले म्हणून आज कोणत्याही खेड्यातील आईस विश्वासाने सांगता येते, की बाई, रोज पंधरा मिनिटे बाळाशी खेळ. तो वेळ वाया जात नाही.