अभिप्रायाचा कागद

कुठलंही प्रशिक्षण शिबिर घ्या, शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद हातात येतोच. एकीकडे चहा, दुसरीकडे प्रमाणपत्रांचा गठ्ठा, आणि मधल्या पाच मिनिटांत हा कागद भरायचा. व्याख्याते कसे वाटले? भोजन कसं होतं? उत्तम, चांगले, साधारण. चौकटीत खूण करा आणि एस.टी. गाठा!

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी काही वर्षं आहे. मध्यंतरी ग्रंथपालांसाठी पाच दिवसांचा एक वर्ग भरला होता. त्यातले चाळीसेक कागद वाचून गोषवारा लिहायचं काम निवृत्त मास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडलं. उभा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यात गेला, त्यामुळे मीही ते आनंदाने घेतलं.

बहुतेक कागदांवर सगळीकडे "उत्तम". "आणखी काही सूचना" या रकान्यात एक तर काहीच नाही, नाहीतर "असे वर्ग वारंवार व्हावेत". दोन-तीन जणांनी मात्र मोकळेपणाने लिहिलं होतं. एकाने लिहिलं, संगणकावर नोंदी करायला शिकलो, पण आमचा संगणक वर्षभर बंद आहे. एका बाईंनी लिहिलं, वर्गीकरण समजलं, पण आमची पुस्तकं दाखल नोंदवहीतल्या क्रमाने लावलेली आहेत. देवघेव, झाडलोट, वर्गणी सगळं मी एकटीच बघते, मग पुस्तकं नव्याने लावू कधी?

मी हे सगळं गोषवाऱ्यात जसंच्या तसं उतरवलं. छापील अहवालात काय आलं? "सर्व सहभागींनी समाधान व्यक्त केले." झालं!

माझं म्हणणं असं की अख्ख्या गठ्ठ्यात कामाचे होते ते हेच दोन-तीन कागद. बाकीच्यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. जेवून हात धुताना यजमानाला भाजी खारट होती असं आपण सांगतो का? त्यातून कागदावर वर नाव लिहायचं आणि प्रमाणपत्र अजून मिळायचं आहे. ज्यांच्या अहवालावर वाचनालयाचं अनुदान ठरतं ते साहेबही समोरच बसलेले. "साधारण" वर खूण करायला कोण धजावेल?

आणि भीती नसली तरी शेवटच्या दिवशी त्या माणसाला खरं उत्तर ठाऊकच नसतं. शिकलेलं उपयोगी पडलं की नाही ते गावी जाऊन कपाटासमोर उभं राहिल्यावर कळणार. अमेरिकेत डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. शिकणाऱ्याला ते कसं वाटलं, तो काय शिकला, कामात त्याने काय बदललं आणि त्याचा शेवटी परिणाम काय झाला. आपला कागद पहिल्या पायरीवरच बसून राहतो. आम्ही मास्तर लोक "तास आवडला का?" असं विचारून थांबत नसू. पुढच्या आठवड्यात फळ्यावर गणित घालत असू.

डॉ. रंगनाथनांचंच बघा ना. गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले की परत शिकवायला जातो म्हणू लागले. पुढे ते लंडनला शिकायला गेले, तिथली ग्रंथालयं बघितली आणि त्यांचं मत पार बदललं. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात अभिप्रायाचा कागद दिला असता तर त्यांनी काय लिहिलं असतं, कल्पना करा!

ग्रंथपालांना शिकवायची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं आणि १९११ साली बडोद्यात असा वर्ग सुरू झाला. शंभराहून जास्त वर्षं शिकवतोय, तर शिकलेल्याचं पुढे काय होतं तेही विचारायला नको का?

भोजन-निवासाचे प्रश्न वगळा असं मी मुळीच म्हणत नाही. आडगावाहून एकटी आलेली ग्रंथपाल मुक्कामाची धड सोय नसेल तर दुसऱ्या दिवशी येणारच नाही. ते विचाराच. पण प्रमाणपत्र आधी द्या आणि कागदावर नाव मागू नका. मग तीन महिन्यांनी एक फोन करा. शिकलेल्यातलं काय वापरलं? काय वापरता आलं नाही? आडवं काय आलं? तीनच प्रश्न. चाळीस जणांना फोन करायला कितीसा वेळ आणि पैसा लागतो?

चौथा प्रश्न वाचकाला विचारायचा. मागितलेलं पुस्तक आता लवकर सापडतं का? वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा रंगनाथनांचा चौथा नियमच आहे.

ही उत्तरं शिकवणाऱ्यांकडे जावीत, तशी प्रत्येक वाचनालयाच्या मंडळाकडेही जावीत. 'ड' वर्गाच्या वाचनालयात बहुधा एकच माणूस सगळा गाडा ओढतो. त्याचा संगणक दुरुस्त करणं किंवा पुस्तकं लावायला चार दिवस मदतनीस देणं त्याच्या हातात नसतं, ते मंडळाच्या हातात असतं. तिकडे काही हललं नाही तर पुढच्या वर्षी तोच ग्रंथपाल तेच वर्गीकरण पुन्हा शिकून येईल आणि पुन्हा "उत्तम" वर खूण करेल.

आमच्या मंडळाच्या पुढच्या सभेत मी हा विषय लेखी दिला आहे. तुमच्यापैकी कुणी गावच्या वाचनालयाच्या मंडळावर असाल तर तुम्हीही द्या. आणि तेवढं शक्य नसेल तर निदान उद्या पुस्तक बदलायला जाल तेव्हा तिथल्या ग्रंथपालांना विचारा, "वर्गात काय शिकलात आणि इथे काय अडतंय?" उत्तर ऐकायला दहा मिनिटं हाताशी ठेवा. त्यांना हे सहसा कोणी विचारत नाही.