न विकल्या जाणाऱ्या पुस्तकांचे दुकान

१/ शिकागो, १९६१. सतरा ग्रंथप्रेमींनी प्रत्येकी १० डॉलर घालून सहकारी तत्त्वावर पुस्तकांचे दुकान काढले. जागा मिळाली शिकागो थिऑलॉजिकल सेमिनरीच्या तळघरात. म्हणून नाव पडले ‘सेमिनरी को-ऑप’.

२/ दुकानाचा भर अभ्यासग्रंथांवर. असा ग्रंथ कपाटात वर्षवर्ष गिऱ्हाइकाची वाट पाहतो आणि तोवर दुकानदाराचे भांडवल अडकून राहते. निव्वळ नफा पाहणारा व्यापारी तो ठेवणारच नाही. २०१२ साली हे दुकान तळघरातून बाहेर पडून जवळच्याच वास्तूत आले. २०१९ साली त्याने ना-नफा संस्थेचे रूप स्वीकारले.

३/ हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. ग्रंथालयाला कोणी नफा विचारत नाही; मग अशा दुकानालाच का विचारावा?

४/ संगणकावर माणूस ठाऊक असलेले नाव शोधतो. कपाटापुढे मात्र हव्या असलेल्या ग्रंथाशेजारीच त्याचे खंडन करणारा ग्रंथ उभा असतो. इतिहासाच्या अभ्यासाला खरी सुरुवात होते ती या शेजारापासून.

५/ अशी दुकाने गमावण्याचे दुःख मुंबईला परके नाही. १९४८ साली सुरू झालेला स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ साली बंद झाला. म्हणून तरुण अभ्यासकाने दुकानात जाताना यादी खिशातच ठेवावी, एक कपाट वरपासून खालपर्यंत पाहावे आणि आवडलेले पुस्तक तिथेच विकत घ्यावे. चाळायचे इथे आणि स्वस्तात मागवायचे दुसरीकडून, ही सवय कपाटे रिकामी करते.